बर्फाखालच्या उबदार पाण्याकडे पाठ फिरवू नका : हवामान परिषदेच्या प्रतिनिधींना खुलं पत्र

प्रति,
संयुक्त राष्ट्रांच्या हवामान करारातील सर्व सदस्य देशांचे प्रतिनिधी
आणि आपापल्या देशात ध्रुवीय संशोधनाच्या निधीला मंजुरी देणारे अधिकारी यांस

सप्रेम नमस्कार.

नोव्हेंबर २०२५ मध्ये ब्राझीलमधल्या बेलेमच्या हवामान परिषदेत तुम्ही जो मुख्य निर्णय मान्य केलात, त्यात कोळसा, तेल आणि वायू यांचा थेट उल्लेख नाही. दोनच वर्षांपूर्वी दुबईत जीवाश्म इंधनांपासून दूर जाण्याचं आवाहन तुम्हीच मान्य केलं होतं. त्याच २०२५ सालात अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनने पुढच्या वर्षाच्या अर्थसंकल्पी मागणीत ‘नॅथॅनियल बी. पामर’ या जहाजाचा भाडेकरार संपवण्याचा प्रस्ताव मांडला. अंटार्क्टिक संशोधनासाठी खास राखलेलं त्या देशाचं हे तेव्हाचं एकमेव हिमभेदक जहाज. समुद्र ज्यामुळे तापतो त्याचं नाव घ्यायचं नाही आणि तो किती तापला हे मोजण्याची साधनंही कमी करायची, असं एकाच वर्षात घडलं. हे मला मुकाट्याने सोसवत नाही, म्हणून हे पत्र.

मी शास्त्रज्ञ नाही. समुद्राकाठच्या एका शाळेत भूगोल शिकवते. वर्गातल्या कित्येक मुलांची घरं भरतीच्या रेषेपासून हाकेच्या अंतरावर आहेत. २१०० साल उजाडेल तेव्हा ही मुलं म्हातारी झालेली असतील, पण त्यांच्यातली बरीचशी हयात असतील. तुमच्या अहवालांमध्ये ‘शतकाच्या अखेरीस’ म्हणून जे लिहिलेलं असतं, ते त्यांच्या आयुष्यातलं आहे. पाणी कुठवर येणार, हा प्रश्न ती मला विचारतात. प्रामाणिक उत्तर द्यायचं तर ते ग्रीनलँड आणि अंटार्क्टिकाच्या किनाऱ्यांवर, तरत्या बर्फाच्या खाली शेकडो मीटर अंधारात काय चाललं आहे यावर अवलंबून आहे. तिथे जाऊन पाहण्याची ताकद माझ्यात नाही. ती तुमच्याकडे आहे.

हे पत्र इतरही वाचतील, म्हणून मुळात काय घडतं आहे ते आधी सांगते. हिमनदी म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर डोंगरातली हिमनदी येते. ऊन तापलं, बर्फ वितळला, हिमनदी मागे सरली. समुद्राला मिळणाऱ्या हिमनदीचं तसं नसतं. तिचं मुख पाण्यात बुडालेलं असतं आणि पाणी हवेपेक्षा कितीतरी जास्त उष्णता वाहून आणतं. माणसाने हरितगृह वायू सोडून पृथ्वीवर जी जादा उष्णता अडकवली, तिच्यातली ९० टक्क्यांहून अधिक समुद्राने पोटात घेतली आहे. ध्रुवांजवळ ही उष्णता वरून दिसत नाही. तिथे पृष्ठभागावर थंड आणि कमी खारं पाणी असतं. त्याच्या खाली जास्त खारं, म्हणून जड, पण तुलनेने उबदार पाणी असतं. उपग्रह समुद्राच्या पृष्ठभागाचं तापमान टिपतो, या खालच्या थराचं नाही. पुढे जी तक्रार करणार आहे तिचं मूळ इथे आहे.

पश्चिम अंटार्क्टिकाच्या अमुंडसेन समुद्रात हे खोलचं पाणी जेमतेम १ अंश सेल्सियसच्या आसपास असतं. ऐकणाऱ्याला ते थंडगारच वाटेल. पण समुद्राच्या पाण्याचा गोठणबिंदू पृष्ठभागावर उणे १.९ अंशांच्या जवळ असतो आणि खोल जावं तसा दाबामुळे तो आणखी उतरतो. एक किलोमीटर खोलीवर समुद्राला टेकलेला बर्फ साधारण उणे २.६ अंशांनाच वितळू लागतो. म्हणजे त्या बर्फाच्या हिशेबाने हे पाणी साडेतीन अंशांनी गरम आहे. जुन्या हिमयुगांत हिमनद्यांनीच समुद्रतळात खोल घळ्या कोरून ठेवल्या आहेत. त्या घळ्यांमधून हे पाणी भूखंड मंचावर, म्हणजे खंडालगतच्या उथळ समुद्रतळावर, चढतं आणि हिमनदी जिथे तळ सोडून तरंगू लागते, नेमकं त्या रेषेपर्यंत पोहोचतं. तिथे बर्फ वितळून झालेलं गोडं पाणी हलकं असल्यामुळे बर्फाच्या पोटाला घासत वर चढतं आणि जाताना मागून आणखी उबदार पाणी ओढून घेतं. ग्रीनलँडमध्ये याला उन्हाची जोड मिळते. उन्हाळ्यात वर वितळलेलं पाणी भेगांमधून तळापर्यंत उतरतं, हिमनदीच्या पायथ्यातून जोराने फिओर्डमध्ये, म्हणजे किनाऱ्यात शिरलेल्या अरुंद, खोल खाडीत, घुसतं आणि तेच चक्र कितीतरी वेगाने फिरवतं. हवा तापण्याचा आणि समुद्र तापण्याचा हिशेब म्हणूनच वेगवेगळा मांडता येत नाही.

तरंगणारा बर्फ वितळल्याने समुद्राची पातळी जवळजवळ वाढत नाही, हे चुणचुणीत मुलांच्या लगेच लक्षात येतं, आणि ते बरोबर आहे. पण हा तरता हिममंच मागच्या बर्फाला दिलेला टेकू असतो. दोन्ही बाजूंच्या किनाऱ्यांना आणि समुद्रतळावरच्या उंचवट्यांना अडून तो मागचा प्रवाह रोखून धरतो. तो पातळ झाला की जमिनीवरचा बर्फ जास्त वेगाने समुद्रात उतरतो, आणि पातळी त्यामुळे वाढते. पश्चिम अंटार्क्टिकातल्या थ्वेट्स हिमनदीच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. तिच्याखालचा तळ समुद्रपातळीच्या खाली आहे आणि आतल्या बाजूला तो खोल होत जातो. हिमनदी जितकी मागे सरेल तितकी तिची तळ सोडण्याची रेषा जास्त खोल पाण्यात आणि जास्त जाड बर्फाखाली जाते, त्यामुळे बर्फ आणखी वेगाने बाहेर पडतो. या एका हिमनदीतला सगळा बर्फ समुद्रात गेला तर जगभरची पातळी सुमारे ६५ सेंटिमीटरने वाढेल. हे एका रात्रीत घडणार नाही, त्याला पिढ्या लागतील. पण पिढ्या म्हणजे माणसंच.

या किनाऱ्यांवर समुद्राची सत्ता किती चालते, हे ग्रीनलँडमधल्या याकोब्सहावन हिमनदीने दाखवून दिलं आहे. तिथले लोक तिला सेर्मेक कुयाल्लेक म्हणतात. १९९७ च्या सुमारास आइसलँडजवळच्या समुद्राकडून आलेलं उबदार पाणी तिच्या फिओर्डमध्ये शिरलं. काही वर्षांतच तिची सुमारे १५ किलोमीटर लांबीची तरती जीभ तुटून गेली आणि हिमनदीचा वेग जवळपास दुप्पट झाला. २०१२ च्या उन्हाळ्यात ती वर्षाला १७ किलोमीटर या गतीने धावत होती. मग २०१६ च्या आसपास तिच्या समोरच्या उपसागरात पुन्हा थंड पाणी आलं. हिमनदी मंदावली, जाड झाली, तिचं मुख थोडं पुढेही आलं. काहींनी याचा अर्थ ‘बघा, काळजीचं कारण नाही’ असा लावला. मला यात नेमकं उलटं दिसतं. हवा तापत असतानाही थोड्याशा थंड पाण्याने एवढी प्रचंड हिमनदी थांबते, तर उबदार पाणी कायमचं मुक्कामाला आलं की काय होईल? आणि मंदावलेल्या त्या वर्षांतही ती बर्फ गमावतच होती. तिच्यातून समुद्रात जाणारा बर्फ पडणाऱ्या हिमापेक्षा जास्तच होता.

आता तक्रारी.

पहिली आणि सर्वांत मोठी तक्रार मोजमापांबद्दल आहे. १९९४ मध्ये शास्त्रज्ञांनी थ्वेट्सच्या शेजारच्या पाइन आयलंड हिमनदीसमोर उबदार खोल पाणी असल्याचं प्रत्यक्ष मोजलं. २००९ मध्ये ते परत गेले तेव्हा तरत्या बर्फाखाली वितळण्याचं प्रमाण सुमारे ५० टक्क्यांनी वाढलेलं आढळलं. त्याच वेळी एका स्वयंचलित पाणबुडीने त्या बर्फाखाली शिरून तळावरचा एक उंचवटा शोधला. हिमनदी पूर्वी त्याला टेकलेली होती आणि आता त्यावरून सुटली होती. २०१९ मध्ये थ्वेट्सच्या अगदी तोंडाशी जाऊन समुद्रतळाचे नकाशे काढले गेले. या तिन्ही मोहिमा एकाच जहाजावरून झाल्या, आणि ते जहाज म्हणजे ‘पामर’. एका जहाजाचा करार ही कुणाला कारकुनी बाब वाटेल. पण तिथे बर्फातून वाट काढू शकणारी संशोधन जहाजं जगात मोजकीच आहेत, आणि एक गेलं की त्याबरोबर वर्षानुवर्षांची तुलना जाते.

तिथे जाऊन मोजण्याला पर्याय नाही, हे मोजल्यावर काय हाती आलं यावरूनच कळतं. थ्वेट्सच्या बर्फात सुमारे ६०० मीटर खोल भोक पाडून २०२० च्या जानेवारीत ‘आइसफिन’ नावाचं यंत्र खाली सोडलं. बर्फाचा सपाट भाग अपेक्षेपेक्षा हळू, वर्षाला २ ते ५ मीटरच्या आसपास वितळताना दिसला. मात्र भेगांमध्ये आणि पायऱ्यांसारख्या उभ्या कडांवर वितळणं फार जोरात होतं. हळू वितळणाऱ्या भागामुळे दिलासा मिळावा, तर हिमनदी तरीही वेगाने मागे सरत होती, म्हणजे तिला मागे रेटायला एवढंसं वितळणंही पुरेसं होतं. तिकडे अलास्कातल्या लकाँट हिमनदीच्या बुडालेल्या कड्याचं सोनार यंत्राने, म्हणजे ध्वनिलहरींनी, मोजमाप केलं, तेव्हा काही ठिकाणी ती सिद्धांताच्या अंदाजापेक्षा शंभर पटींपर्यंत जास्त वितळताना आढळली. एका ठिकाणी अंदाज जास्त निघाला, दुसऱ्या ठिकाणी फारच कमी. घरबसल्या हे कुणालाच कळलं नसतं.

ग्रीनलँडभोवती नासाची एक मोहीम काही वर्षं चालली. विमानातून समुद्रात उपकरणं टाकून तापमान आणि क्षारता मोजायची, असं तिचं काम. त्या मोजमापांवरून कळलं की अभ्यासलेल्या २२६ हिमनद्यांपैकी खोल फिओर्डमध्ये उबदार पाण्याला भिडलेल्या ७४ हिमनद्यांनीच १९९२ ते २०१७ या काळातल्या बर्फाच्या एकूण घटीपैकी जवळपास निम्मी घट केली. इतकं मोलाचं काम २०२१ मध्ये मुदत भरली म्हणून संपलं. महासागरभर तरंगत पाणी मोजणारी आर्गो नावाची सुमारे चार हजार यंत्रं आहेत. पण त्यांना माहिती पाठवायला पृष्ठभागावर यावं लागतं, आणि वर बर्फ असेल तर ते जमत नाही. हिवाळ्यात तिथल्या पाण्याची बरीचशी माहिती आपल्याला कुणाकडून मिळते? सील प्राण्यांच्या डोक्यावर चिकटवलेल्या उपकरणांकडून. त्या शास्त्रज्ञांच्या कल्पकतेला माझा मनापासून सलाम आहे. पण जगातल्या सगळ्या किनाऱ्यांचं भवितव्य ठरवणाऱ्या पाण्याची नोंद ठेवायला सरकारांनी एवढ्यावरच भागवावं, हे मला पटत नाही. बर्फाचं वजन मोजणारे ग्रेस उपग्रह २०१७ मध्ये थांबले आणि त्यांचे वारसदार २०१८ मध्ये अवकाशात सोडले गेले. मधल्या महिन्यांची नोंद कायमची कोरी राहिली. समुद्र मात्र मोहिमेच्या मुदतीप्रमाणे थांबत नाही.

दुसरी तक्रार आकड्यांबद्दल आहे. हवामान बदलावरच्या आंतरसरकारी समितीच्या (आयपीसीसी) सहाव्या अहवालात २१०० पर्यंतच्या समुद्रपातळीच्या वाढीचे संभाव्य पट्टे दिलेले आहेत. उत्सर्जन फार लवकर आवरलं तर साधारण २८ ते ५५ सेंटिमीटर, आणि वाढतच राहिलं तर ६३ सेंटिमीटर ते १.०१ मीटर. त्याच अहवालात पुढे हेही स्पष्ट लिहिलं आहे की हिमस्तरांच्या, म्हणजे ग्रीनलँड आणि अंटार्क्टिका झाकणाऱ्या बर्फाच्या प्रचंड थरांच्या, वागण्याबद्दलची अनिश्चितता एवढी खोल आहे की उत्सर्जन फार जास्त राहिलं तर २ मीटरच्या जवळ जाणारी वाढही नाकारता येत नाही. तुमच्या भाषणांमध्ये आणि किनारी बांधकामांच्या आराखड्यांमध्ये मात्र मधला एक आकडा उचलला जातो आणि हे वाक्य गळतं. पूल, बंदरं, वीजकेंद्रं शंभर शंभर वर्षांसाठी बांधली जातात. ती बांधणाऱ्याला सर्वांत वाईट शक्यता माहीत असायलाच हवी. शिवाय वाढ सगळीकडे सारखी नसते. हिमस्तर एवढा अवाढव्य असतो की तो आपल्या गुरुत्वाकर्षणाने आसपासचं पाणी स्वतःकडे ओढून धरतो. बर्फ गेला की ते पाणी तिथून सुटतं आणि दूरच्या समुद्रांत जातं. त्यामुळे पश्चिम अंटार्क्टिकाच्या बर्फाची झळ उष्ण कटिबंधातल्या किनाऱ्यांना सरासरीपेक्षा जास्त बसते. तिथल्या लोकांना हे कुणी सांगितलंय?

तिसरी तक्रार ‘आता काय उपयोग’ या सुराबद्दल. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ब्रिटिश शास्त्रज्ञांनी दाखवलं की अमुंडसेन समुद्र या शतकात गेल्या शतकाच्या सुमारे तिप्पट वेगाने तापेल, आणि उत्सर्जन कमी करण्याचा सर्वांत कडक मार्ग धरला तरी हे फारसं टळत नाही. वाचून मला फार वाईट वाटलं. पण या निष्कर्षाचा आधार घेऊन कुणी उत्सर्जन कमी करणं टाळत असेल, तर तो त्या शास्त्रज्ञांवर अन्याय आहे. अमुंडसेन हा अंटार्क्टिकाचा एक कोपरा आहे. पूर्व अंटार्क्टिकात टॉटन हिमनदी आहे, तिच्या खोऱ्यातल्या बर्फाने पातळी साडेतीन मीटरच्या आसपास वाढू शकते, आणि तिच्या तरत्या बर्फाखालीही उबदार पाणी शिरत असल्याचं मोजलं गेलं आहे. डेनमन हिमनदीच्या खालची घळ समुद्रपातळीखाली साडेतीन किलोमीटर खोल आहे. तिथला बर्फ जागेवर राहील की नाही, हे अजून ठरायचं आहे, आणि ते तुमच्या निर्णयांवर ठरणार आहे. ग्रीनलँडचंही तसंच. उत्तर गोलार्धातल्या समुद्राला मिळणाऱ्या १,७०४ हिमनद्यांपैकी ८५ टक्के २००० ते २०२० या वीस वर्षांत मागे सरल्या. अलास्कातल्या हबर्डसारख्या काही पुढेही येत आहेत, कारण प्रत्येक हिमनदीच्या खालचा तळ आणि फिओर्डचा आकार वेगळा. मूठभर अपवाद दाखवून ८५ टक्के झाकता येत नाहीत.

आणखी दोन गोष्टी थोडक्यात. २०२५ हे वर्ष तुम्ही हिमनद्यांच्या संवर्धनाचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळलंत. चांगलं केलंत. पण त्या वर्षभरात माझ्या वाचनात जे आलं ते बहुतेक डोंगरांतल्या हिमनद्यांबद्दल होतं, समुद्रात बुडालेल्या टोकाबद्दल क्वचितच. दुसरं, थ्वेट्ससमोर समुद्रतळावर सुमारे ८० किलोमीटर लांबीचा पडदा उभारून उबदार पाणी अडवावं, अशी एक कल्पना मांडली जाते. संशोधन करणाऱ्यांनी ते जरूर करावं. पण जिथे एक जहाज चालू ठेवायला पैसे नाहीत म्हणता, तिथे जगातल्या सर्वांत खवळलेल्या समुद्रात असा पडदा उभारण्याच्या भरवशावर कोळसा जाळत राहणं मला मान्य नाही.

माझ्या मागण्या सरळ आहेत.

पुढच्या परिषदेच्या मुख्य निर्णयात कोळसा, तेल आणि वायू यांची नावं यावीत आणि त्यांचा वापर कधी, किती कमी करणार याचं वेळापत्रक यावं. देशोदेशींची परिस्थिती वेगळी आहे, श्रीमंत देशांनी आधी आणि जास्त करावं, हे मलाही मान्य आहे. पण वेळापत्रकच नसेल तर त्या न्यायाचा हिशेब कशाच्या आधारे मागायचा?

ग्रीनलँड आणि अंटार्क्टिकाच्या मोठ्या हिमनद्यांसमोर समुद्राचं तापमान, क्षारता आणि प्रवाह बारा महिने मोजणारी कायमची व्यवस्था उभी करा. नांगरून ठेवलेली उपकरणं, बर्फाखाली जाणारी यंत्रं आणि ती घेऊन जाणारी जहाजं. तिचा खर्च अनेक देशांनी मिळून उचलावा, म्हणजे एका देशाच्या एका वर्षाच्या अर्थसंकल्पावर ती बंद पडणार नाही. ‘पामर’सारखं एखादं जहाज थांबवायचंच असेल, तर त्याचं काम दुसऱ्या जहाजाने हाती घेतल्याशिवाय थांबवू नका. आणि या सगळ्या नोंदी कुठल्याही देशातल्या कुणालाही मोफत मिळाव्यात.

समुद्रपातळीच्या प्रत्येक सरकारी आराखड्यात मधल्या आकड्याबरोबर वरच्या टोकाचा आकडाही छापा, आणि तो हिमस्तरांमुळे का नाकारता येत नाही हे साध्या भाषेत लिहा. सखल किनाऱ्यांवरच्या गरीब देशांना जुळवून घेण्यासाठी जो पैसा द्यायचं तुम्ही कबूल केलं आहे, तो त्या वरच्या आकड्याच्या हिशेबाने द्या. जे वितळणं आता टळणार नाही, त्याची किंमत ज्यांनी समुद्र सर्वांत कमी तापवला त्यांच्याकडून वसूल होता कामा नये.

१९७८ मध्ये जॉन मर्सर या शास्त्रज्ञाने पश्चिम अंटार्क्टिकातल्या, समुद्रपातळीच्या खाली टेकलेल्या बर्फाबद्दल पहिला मोठा इशारा दिला होता. तेव्हा मोजमापं जवळजवळ नव्हती, म्हणून दुर्लक्ष झालं असं म्हणता येईल. १९९२ ते २०२० या काळात ग्रीनलँड आणि अंटार्क्टिका मिळून साडेसात लाख कोटी टनांहून अधिक बर्फ गेला, हे आज मोजलेलं आहे. मोजमापं नाहीत, ही सबब तुम्हाला आता उरलेली नाही. या पत्राचं वेगळं उत्तर मला नको. पुढच्या परिषदेच्या निर्णयात आणि तुमच्या देशाच्या पुढच्या अर्थसंकल्पात ते मी आणि माझे विद्यार्थी शोधू.

आपली,
एक भूगोल शिक्षिका